केसपेपर कोणाचा?

दवाखान्याच्या खिडकीवर मिळणारा केसपेपर हा आजवर आपल्या दृष्टीने एक कागद होता. पाच-दहा रुपये द्यायचे, नाव-गाव सांगायचे, कागद डॉक्टरपुढे ठेवायचा आणि बरे वाटले की तो पत्र्याच्या पेटीत टाकून द्यायचा. तो पावसात भिजला, उंदराने कुरतडला, तरी त्याचे कोणाला फारसे सोयरसुतक नसे. आता त्या कागदाची जागा संगणकातील नोंद घेत आहे. ही नोंद भिजत नाही, कुजत नाही आणि आपल्या घरातही राहत नाही. आपले रक्त, आपली लघवी, आपले बाळंतपण, आपले मनाचे आजार हे सारे कुठल्या तरी सर्व्हरवर साठते, आणि ते कोण वाचतो हे आपल्याला दिसत नाही.

मी पेशाने शिक्षक आहे. डॉक्टर नाही आणि संगणकाचा तज्ज्ञही नाही. परंतु वस्तीतील आजाऱ्यांबरोबर सरकारी व खाजगी दवाखान्यांच्या रांगेत मी बरीच वर्षे उभा राहिलो आहे. त्या रांगेत एक प्रश्न मला वारंवार पडत आला. ज्यांच्याजवळ जमिनीचा उतारा नाही, जन्माचा दाखला नाही, त्यांच्या शरीराची इतकी बारीक नोंद ठेवली जात असेल, तर त्या नोंदीवर त्यांचा हक्क काय? प्रस्तुत लेखात हा प्रश्न कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर मांडण्याचा विचार आहे.

नोंद हवीच

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा लेख संगणकाच्या विरोधात लिहिलेला नाही. नोंद नसणे हेही शोषणाचे साधन असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्रासमोर आला. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ते का काढले, आधी कोणत्या तपासण्या केल्या, दुसरा उपाय सांगितला होता काय, या प्रश्नांचे उत्तर कागदावरच मिळू शकते. पण वर्षातले सहा महिने परमुलखात कोयता चालवणाऱ्या बाईच्या बिऱ्हाडात कागद टिकत नाही. तिची नोंद तिच्याबरोबर कारखान्याच्या तळावर गेली असती, तर पुढच्या डॉक्टरला ती उपयोगी पडली असती, आणि फसवणूक झाली असेल तर तिच्या हाती पुरावा राहिला असता.

संगणकीय नोंदीचे समर्थक हेच सांगतात आणि त्यात तथ्य आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा केली. प्रारंभी ते सहा केंद्रशासित प्रदेशांत होते. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ आकडी क्रमांक मिळतो. त्याला ‘आभा’ म्हणतात. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड ते वेगळे आणि हा क्रमांक वेगळा. आपल्या वस्त्यांत या दोहोंची सर्रास गल्लत होते आणि ‘आभा काढले नाही तर मोफत ऑपरेशन होणार नाही’ अशा समजुतीने लोक रांगेत उभे राहतात. वस्तुतः आभा ऐच्छिक आहे. योजनेच्या आराखड्याप्रमाणे आपली नोंद ज्या दवाखान्यात तयार झाली तिथेच राहते; आभाच्या धाग्याने अशा ठिकठिकाणच्या नोंदी जोडल्या जातात; आणि दुसऱ्या डॉक्टरला त्या पाहायच्या असतील तर रुग्णाची संमती लागते. ही संमती ठराविक मुदतीची असते व परतही घेता येते.

कागदावर ही रचना चांगली आहे. घोटाळा सुरू होतो तो खिडकीपाशी. खिडकीतला माणूस म्हणतो, ‘मोबाइल नंबर सांगा. आता आकडे आले असतील ते वाचा.’ बाई आकडे वाचते. तिच्या दृष्टीने तो केसपेपरचा नंबर असतो. कायद्याच्या दृष्टीने तिने त्या क्षणी संमती दिलेली असते. कशाला, किती दिवसांसाठी, कोणाला, हे तिला कोणी सांगितलेले नसते. २०२१ मध्ये करोनाची लस आधार दाखवून घेणाऱ्या कितीतरी लोकांचे आरोग्य क्रमांक असेच परस्पर तयार झाल्याचे वृत्तपत्रांनी त्या वेळी उघडकीस आणले होते. दंडाला सुई टोचून घेताना आपण एका क्रमांकालाही मान्यता देत आहोत, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होते?

माहिती फुटते कशी?

माहिती फुटली की वर्तमानपत्रे ‘हॅकर’ हा शब्द वापरतात आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर अंधाऱ्या खोलीतला एखादा जादूगार उभा राहतो. प्रत्यक्षात फुटण्याचे मार्ग पुष्कळदा अगदी साधे असतात.

पहिला मार्ग उघड्या दाराचा. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांच्या प्रतिमा दवाखाने संगणकावर साठवतात. त्या सर्व्हरला पासवर्डच घातलेला नसेल तर जगातून कोणीही त्या उघडू शकतो. जर्मनीतील ग्रीनबोन या संस्थेने असे उघडे सर्व्हर देशोदेशी शोधले. २०२० च्या प्रारंभी तिच्या अहवालात भारतातील सुमारे १० लाख रुग्ण-नोंदी आणि १२ कोटींहून अधिक प्रतिमा उघड्यावर असल्याचे नमूद होते. राज्यांच्या यादीत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. तीन लाखांवर नोंदी आणि जवळपास सात कोटी प्रतिमा एकट्या आपल्या राज्यातल्या होत्या. प्रतिमेबरोबर रुग्णाचे नाव, जन्मतारीख, डॉक्टरचे नाव असा तपशील असतो. हे दार कोणी फोडले नव्हते, ते लावलेच नव्हते. त्याआधी २०१६ च्या डिसेंबरात मुंबईतील एका रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेचे सुमारे ४३,००० अहवाल असेच इंटरनेटवर उघडे सापडले होते आणि त्यांत एचआयव्ही तपासणीचेही अहवाल होते.

दुसरा मार्ग खंडणीचा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक बंद पडले. हल्लेखोरांनी आत शिरून माहितीला कुलूप घातले होते. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती त्यात सापडल्याचे सरकारने पुढे संसदेत सांगितले आणि रुग्णालयाच्या संगणक-जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती हे कारणही दिले. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडला की आतल्या खोल्यांना दारेच नव्हती. देशातल्या सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयात नोंदणीपासून तपासणीच्या अहवालापर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. लांबून आलेला, धर्मशाळेत किंवा रस्त्यावर मुक्काम ठोकलेला गरीब रुग्ण अशा वेळी सर्वांत आधी भरडला जातो.

तिसरा मार्ग एकाच किल्लीचा. २०२३ च्या जूनमध्ये टेलिग्रामवर एक यंत्रणा सापडली. तिला मोबाइल क्रमांक दिला की त्या क्रमांकावर लस घेतलेल्यांची नावे, लसीचे ठिकाण, ओळखपत्राचे क्रमांक समोर येत. कोविन पोर्टल सुरक्षित असून त्यातून माहिती फुटल्याच्या बातम्या निराधार आहेत, असे आरोग्य मंत्रालयाने सांगितले. त्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी या प्रकरणी बिहारमधून एकाला अटकही केली. तांत्रिक वाद बाजूला ठेवून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका मोबाइलवर कुटुंबातल्या अनेकांची नोंद झालेली होती, त्यामुळे एका क्रमांकाने सारे घर उघडे पडत होते.

चौथ्या मार्गाची बातमी कधी होत नाही आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत रुळलेला आहे. ऑपरेटरचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. एकाच पासवर्डवर पाच जण काम करतात. अहवालाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. प्रयोगशाळा अहवाल पाठवते तो घरातल्या एकुलत्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल नवऱ्याच्या, दिराच्या किंवा पोराच्या खिशात असतो. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने डॉक्टरवर आहे. ते मोडल्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. पण ‘आपल्या भेटीबद्दल आभारी आहोत’ असा संदेश घरच्या मोबाइलवर आपोआप जातो, तेव्हा कैदेत कोणाला टाकायचे? संगणकाला तर टाकता येत नाही.

केवळ आपल्याकडेच असे होते असेही नाही. फिनलंडसारख्या श्रीमंत देशात वास्तामो नावाच्या मानसोपचार संस्थेच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० च्या ऑक्टोबरात चोराने संस्थेकडून खंडणी मिळेना म्हणून थेट रुग्णांना पत्रे धाडली: दोनशे युरो द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरला जे जे सांगितले ते जाहीर करतो. सुमारे ३३,००० रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. माणसाने अत्यंत विश्वासाने उच्चारलेले शब्द बाजारात विकायला आले. आरोपीला २०२४ मध्ये सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण फुटलेली माहिती परत भरून घेता येत नाही. पासवर्ड बदलता येतो, पूर्वीचा आजार बदलता येत नाही.

एकाचे दुसऱ्याला

माहिती फुटते याची चर्चा निदान होते. माहिती बदलते, एकाची दुसऱ्याच्या नावावर चढते, याची चर्चा फार थोडी होते. माझ्या मते गरिबाच्या जिवाला हा धोका अधिक जवळचा आहे.

संगणक माणसाला ओळखत नाही. तो रकाने जुळवतो. जुन्या नोंदी आभाशी जोडताना मोबाइल क्रमांक, नाव, लिंग आणि जन्माचे वर्ष यांचा मेळ पाहिला जातो. शहरातल्या सुखवस्तू माणसाच्या बाबतीत हे चारही रकाने बहुधा पक्के असतात. आता आपल्या वस्तीकडे पाहा.

जन्मतारीख घ्या. आई-बापांच्या पिढीत जन्म घरात झाला, नोंद झाली नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख टाकली, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या म्हणूनच निसर्गाच्या हिशेबात बसत नाही. वर्षही अंदाजाचेच. नाव घ्या. वस्तीत चार घरांआड तेच नाव आणि तेच आडनाव सापडते. ओळख पटते ती बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने, आणि घाईच्या वेळी ऑपरेटर नेमका तोच रकाना मोकळा सोडतो. शिवाय नाव मराठीत सांगितले जाते आणि इंग्रजीत टंकले जाते. एकट्या कांबळे या आडनावाचे इंग्रजीत दोन-तीन अवतार होतात. मोबाइल घ्या. तो घरात एक, त्याचे सिम रिचार्जअभावी बंद पडते आणि काही महिन्यांनी तो क्रमांक परक्या माणसाला मिळतो.

यातून दोन तऱ्हेच्या चुका निपजतात. पहिलीत एका माणसाच्या दोन नोंदी होतात. त्याला पेनिसिलिन सोसत नाही ही गोष्ट एका नोंदीत राहते आणि डॉक्टर उघडतो दुसरी. दुसऱ्या तऱ्हेत दोन माणसांची एक नोंद होते. ही अधिक घातक, कारण ती पूर्ण आणि व्यवस्थित दिसते. एका ग्रामीण दवाखान्यात मी हे पाहिले आहे. एकाच नावा-आडनावाच्या दोन बाया, दोघींचीही जन्मतारीख १ जून. एकीचा साखरेचा अहवाल दुसरीच्या नावावर गेला. जिला मधुमेह नव्हता ती बाई तीन आठवडे साखर उतरवण्याच्या गोळ्या खात राहिली आणि खुरपणी करताना शेतात कोसळली. जिला मधुमेह होता तिला ‘सगळे ठीक आहे’ म्हणून घरी पाठवले होते. चूक ध्यानात आल्यावर दुरुस्तीसाठी आम्ही खिडकीवर गेलो, तेव्हा उत्तर मिळाले, ‘एकदा एंट्री झाली की आम्हाला बदलता येत नाही. वरून होईल.’ वरून म्हणजे कोठून, हे खिडकीतल्या त्या पोरालाही माहीत नव्हते. तो कंत्राटी कामगार होता. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता.

ही एखाद्या दवाखान्याची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवला. त्यात ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. तो क्रमांक होता ९९९९९९९९९९, म्हणजे रकाना भरायचा म्हणून नऊचा आकडा दहा वेळा दाबलेला. सरकारचे म्हणणे असे पडले की लाभार्थ्याची पडताळणी मोबाइलवरून होतच नाही. ते खरे धरले, तरी रकाना खोटा भरला गेला आणि वर्षानुवर्षे कोणी हटकले नाही, हेही तितकेच खरे. याच अहवालात आधीच्या उपचारांत मरण पावल्याची नोंद असलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुढेही उपचार दाखवून ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचे नमूद आहे. कार्डावर परक्याचा उपचार चढला, तर कुटुंबाच्या वाट्याच्या रकमेतून तो वजा होतो. खरा आजार दारात येतो तेव्हा कार्ड रिकामे असते.

हातच्या केसपेपरातही चुका होत, हे मला ठाऊक आहे. पण त्या कागदावरची चूक त्या कागदापुरती राही, आणि आजारी माणूस डॉक्टरला म्हणू शके, ‘साहेब, हे माझे नाही.’ आज डॉक्टर आजाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता पडद्याकडे पाहतो. पडदा म्हणतो मधुमेह आहे आणि अशिक्षित बाई म्हणते नाही. विश्वास कोणावर ठेवला जाईल? ज्यांच्या शब्दाला पिढ्यान्‌पिढ्या किंमत नव्हती, त्यांच्या शब्दावर आता यंत्रानेही मात करावी, हा या प्रश्नाचा सामाजिक गाभा आहे.

सिकलसेलचे कार्ड

वरील दोन्ही धोके, फुटण्याचे आणि अदलाबदलीचे, एका ठिकाणी कसे भेटतात हे पाहायचे तर सिकलसेलचे उदाहरण घ्यावे. ते आपल्या फार जवळचे आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो आदिवासी, पूर्वाश्रमीचे महार व इतर अनेक जातींत आढळतो. मलेरियाच्या प्रदेशात या दोषाची एकच जनुकप्रत असलेल्यांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळे, म्हणून तो टिकला. आणि जातीबाहेर लग्न न करण्याच्या रूढीने तो ठराविक समाजांत कोंडला गेला. त्याचे दोन प्रकार नीट समजून घेतले पाहिजेत. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच दोष आला असेल तर माणूस ‘वाहक’ असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडून आला तर माणूस ‘रुग्ण’ असतो. त्याला असह्य वेदना, पंडुरोग, वारंवार जंतुसंसर्ग सोसावे लागतात. दोघे वाहक एकत्र आले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. महाराष्ट्रासह १७ राज्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणीची नोंद पोर्टलवर होते आणि माणसाच्या हाती त्याच्या स्थितीचे कार्ड दिले जाते. लग्नाआधी ही कार्डे जुळवून पाहावीत, अशी त्यामागची कल्पना आहे. आजार टाळण्याचा हेतू निश्चितच चांगला आहे. पण मधे दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा तपासणीचा. गावोगाव केली जाणारी विद्राव्यतेची साधी चाचणी रक्तात दोष आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात ही साधी चाचणी दोष असूनही ‘नाही’ म्हणू शकते. नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढवलेल्या माणसाचा अहवालही फसवा निघतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पोर्टलवर काय चढते आणि पक्का अहवाल आल्यावर ते दुरुस्त होते की नाही, यावर एखाद्या मुलीचे आयुष्य अवलंबून असते. वाहक मुलीच्या नावापुढे ‘रुग्ण’ असा शब्द पडला, तर तिला सांगून आलेले स्थळ परत जाते. शब्द नंतर बदलला तरी गाव तो विसरत नाही.

दुसरा खड्डा गुप्ततेचा. हा दोष आनुवंशिक असल्यामुळे एकीची नोंद फुटली की तिचे भाऊ, बहिणी, आई-बाप सारेच संशयात येतात. त्यांची कोणी तपासणी केलेली नसते, संमती विचारलेली नसते. आणि ओझे कोणावर पडते तेही पाहा. मुलगा वाहक असेल तर ‘त्यात काय झाले’ असे म्हणतात. मुलगी वाहक असेल तर ‘रक्तच खराब आहे’ असे म्हणतात. ज्या समाजाने शतकानुशतके रक्ताच्या शुद्धीचा डांगोरा पिटून माणसाला माणसापासून तोडले, त्याच्या हाती रक्ताच्या दोषाची यादी देताना अधिक जपले पाहिजे. विज्ञानाचा शब्द रूढीच्या तोंडी गेला की त्याचा अर्थ पालटतो. करोनाच्या पहिल्या वर्षी घरांच्या दारांवर कागद चिकटवले गेले, तेव्हा हेच झाले. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सक्षम अधिकाऱ्याने कायद्याखाली तसा आदेश दिल्याखेरीज घरावर असे फलक लावू नयेत.

कायदा काय देतो?

खाजगीपणा ही बंगल्यात राहणाऱ्यांची चैन आहे, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात तिथे कसला खाजगीपणा, असे आपले काही मित्र म्हणतात. त्यांनी डॉ. बाबासाहेबांचे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे १९४७ चे निवेदन पुन्हा पाहावे. अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने घटना परिषदेसाठी तयार केलेल्या त्या निवेदनात मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम आहे. लोकांचे देह, घरे, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती व जप्ती होऊ नये, असा त्याचा आशय आहे. देह आणि कागदपत्रे ही दोन्ही त्यात आहेत, आणि केसपेपर म्हणजे देहाचा कागद. ते कलम घटनेत आले नाही. पुढे सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

त्यानंतर केवळ आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा कायदा करण्याचा एक मसुदा २०१८ मध्ये आला. तो कायदा झाला नाही. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा मात्र १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. तो रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास, कायद्याने सांगितलेले अपवाद वगळता, मनाई करतो आणि नोंदी सुरक्षित ठेवण्याचे बंधन घालतो. हा कायदा रुग्णांच्या चळवळीने झगडून मिळवलेला आहे, म्हणून त्याला दात आहेत.

सर्वांसाठी आहे तो २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. आपली माहिती काय साठवली आहे हे विचारण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा, संमती परत घेण्याचा हक्क या कायद्यात आहे. सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. येथपर्यंत ठीक. पण तीन गोष्टी आपण लक्षपूर्वक वाचल्या पाहिजेत. एक: दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे ४३-अ हे कलम या कायद्याने रद्द व्हायचे आहे. दोन: सवलत, लाभ, दाखला देण्यासाठी सरकारला माहिती वापरायची असेल तर काही अटींवर नव्या संमतीची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा दवाखान्याशी संबंध अशा योजनांमधूनच येतो. तीन: २०११ च्या जुन्या नियमांत वैद्यकीय नोंद ही ‘संवेदनशील’ माहिती गणली होती, नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. चपलेच्या दुकानाला दिलेला पत्ता आणि क्षयाचा अहवाल यांचे वजन सारखेच.

आपण काय करावे?

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी पुढील गोष्टी वस्तीत सांगाव्यात, असे मला वाटते.

(१) मोबाइलवर आलेले आकडे कशासाठी हवेत, हे विचारल्याशिवाय देऊ नयेत. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ज्याला ते घ्यायचे आहे त्याने समजून घ्यावे; नको असेल त्याने निर्धास्तपणे नाही म्हणावे.

(२) आपली नोंद मागून घ्यावी. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांत रुग्ण हक्क सनद लावणे सक्तीचे झाले आहे. ती भिंतीवर आहे की नाही, हे आत शिरताच पाहावे.

(३) खिडकी सोडण्यापूर्वी पडद्यावरचे नाव वाचून घ्यावे: स्वतःचे, बापाचे किंवा नवऱ्याचे, आडनाव, वय, गाव. रक्त काढताना, रक्त चढवताना, ऑपरेशनला नेताना ‘तुम्ही अमुक ना?’ या प्रश्नाला नुसती मान हलवू नये. आपले पूर्ण नाव आपण उच्चारावे. घाबरलेला माणूस कोणत्याही नावाला हो म्हणतो.

(४) चूक सापडली तर तोंडी भांडून थांबू नये. साध्या कागदावर अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी. दुरुस्तीनंतरची आणि आधीची अशा दोन्ही नोंदींच्या प्रती मागाव्यात.

(५) आपल्या संघटनांनीही शिस्त पाळावी. मदतनिधीसाठी रुग्णाचा फोटो आणि अहवाल व्हॉट्सॲपवर फिरवले जातात. हेतू निर्मळ असतो, पण आजाऱ्याला विचारलेले नसते. शिबिरातल्या याद्या कोणाच्या घरी पडून आहेत, हेही तपासले पाहिजे.

यापुढचे काम एकट्यादुकट्याचे नाही, त्यासाठी चळवळ हवी. संमतीचा मजकूर सोप्या मराठीत आणि आदिवासी भागात त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस बसला पाहिजे, आणि त्याचे नाव व मुदत फलकावर लागली पाहिजे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला ती त्याच्या भाषेत कळली पाहिजे आणि भरपाई त्याच्या हाती पडली पाहिजे. स्त्रियांचा अहवाल घरच्या मोबाइलवर न पाठवता त्यांच्याच हाती देण्याची सोय झाली पाहिजे. पोर्टल भरणाऱ्या आशाताईंना आणि ऑपरेटरांना रीतसर शिक्षण व पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. शंभर नोंदी सायंकाळपर्यंत भरा म्हटले की दहा वेळा नऊ दाबले जाणारच.

यांपैकी एकाही मागणीला नवे यंत्र लागत नाही. लागतो तो एवढाच निर्णय, की नोंद ज्याच्या देहाची आहे त्याला विचारल्याशिवाय ती हलणार नाही आणि त्याने चूक दाखवली तर ती दुरुस्त होईल. हा निर्णय वरून आपोआप येणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात तो लेखी मागितला पाहिजे, आणि ते काम या अंकाचे वाचक पुढच्या सोमवारी आपल्या गावच्या खिडकीपासून सुरू करू शकतात.